चाल्कोनचं इपॉक्साइड करताना या चुका टाळा

एमएस्सीच्या प्रॅक्टिकलला चाल्कोनचं (कार्बोनिलशेजारी दुहेरी बंध असलेलं पिवळसर कीटोन) इपॉक्साइड (त्या बंधावर ऑक्सिजन बसून झालेली तीन अणूंची कडी) फसलं की दोष चाल्कोनवर जातो. खोट बहुतेक वेळा हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये नाहीतर तापमानात असते.

त्याआधी एक गोष्ट. दुहेरी बंध दिसला म्हणून एमसीपीबीए (इपॉक्साइडसाठी नेहमी वापरलं जाणारं पेरॲसिड) घेऊ नका. कार्बोनिलने इलेक्ट्रॉन ओढून घेतलेला हा बंध पेरॲसिडला सहसा दाद देत नाही. इथे अल्कलीतलं पेरॉक्साइडच हवं. वाइट्झ आणि शेफर यांची १९२१ सालची ही पद्धत. हायड्रोपेरॉक्साइड आयन बीटा कार्बनला (दुहेरी बंधाच्या कार्बोनिलपासून दूरच्या टोकाला) जोडला जातो, मग तयार झालेलं इनोलेट (मधल्या टप्प्यातला ऋण आयन) ऑक्सिजन-ऑक्सिजन बंध तोडून कडी पूर्ण करतं.

प्रमाण असं: २.०८ ग्रॅम चाल्कोन (१० मिलिमोल), ३० मिली मिथेनॉल, ३ मिली ३० टक्के पेरॉक्साइड आणि २ मोलर कॉस्टिक सोडा २.५ मिली. कॉस्टिक शेवटी, थेंबाथेंबाने, आतलं तापमान १५ ते २० अंशांत ठेवून.

नाशिकला एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीला टेकतो, नळाचं पाणीही कोमट येतं. तेव्हा ‘रूम टेंपरेचर’वर विसंबू नका, बर्फ लागतोच. तापमान चढलं की पेरॉक्साइड फसफसून वाया जातं आणि कॉस्टिकमुळे चाल्कोन उलटं तुटू लागतं. फ्लास्कमधून कडू बदामासारखा वास आला तर तो बेंझाल्डिहाइडचा. उलट शून्याला नेलंत तर चाल्कोनचे पिवळे खडे तळाशी बसतात आणि अभिक्रिया रेंगाळते.

पेरॉक्साइडची बाटली फ्रिजमध्ये ठेवा. फोडून बरेच महिने झाले असतील तर आयोडोमेट्रीने (पेरॉक्साइडने मोकळं केलेलं आयोडीन थायोसल्फेटने मोजून) तपासा: ०.१ नॉर्मल थायोसल्फेटचा १ मिली म्हणजे १.७ मिलिग्रॅम पेरॉक्साइड. गंजका स्पॅच्युला त्यात बुडवू नका, लोखंड आणि तांब्याच्या अंशानेही ते विघटित होतं.

वर्कअपला (अभिक्रियेनंतर पदार्थ वेगळा करताना) आम्ल टाळा, इपॉक्साइडची कडी उघडते. चाल्कोन विरघळत नाही म्हणून ॲसिटोन वापरण्याचा मोहही आवरा. ॲसिटोन, पेरॉक्साइड आणि आम्ल एकत्र आले तर स्फोटक पेरॉक्साइड बनतं. मिश्रण थंड पाण्यात ओता, सोडियम सल्फाइट घाला आणि स्टार्च-आयोडाइड कागद निळा होणं थांबल्याशिवाय रोटाव्हॅपवर (द्रावक उडवण्याच्या यंत्रावर) लावू नका.

पांढरे स्फटिक ८८ ते ९० अंशांना वितळले तर काम झालं. पिवळी झाक असेल आणि वितळणबिंदू खाली घसरला असेल तर ५५-५७ अंशांना वितळणारं चाल्कोन उरलंय. टीएलसीने (पातळ थराच्या क्रोमॅटोग्राफीने) खात्री करून घ्या आणि तोच माल ताज्या पेरॉक्साइडसह पुन्हा चालवा.