स्पेशल एज्युकेशनमध्ये येताय? आधी थोडं बसने फिरा

डी.एड. स्पेशल करताना मला वाटायचं की आपलं काम म्हणजे वर्ग, तक्ते, मणी ओवणं. आता पुण्यात अठराच्या वरच्या बौद्धिक दिव्यांगांच्या कार्यशाळेत सहावं वर्ष चालूय आणि खरं सांगू का, निम्मं काम रस्त्यावरच असतं.

आमच्याकडे एक दादा आहे, वय 26, त्याला एकट्याने बसने यायचं होतं. वाचता येत नाही, पण आकडे जुळवता येतात, म्हणून बसचा नंबर ठळक लिहून कार्ड त्याच्या खिशात ठेवलं. आधी मी त्याच्या शेजारी बसायचे, मग मागच्या सीटवर, मग बसच्या मागून स्कूटरवर (लक्ष्मी रोडला हे करून बघा एकदा). त्याला जमत होतं हो, अडायचं कंडक्टरपाशी, ते मलाच विचारायचे, "याला कुठं उतरायचंय?" मग मी खिडकीबाहेर बघत बसायला शिकले. शेवटी कंडक्टरांनी त्यालाच विचारलं, तो म्हणाला "डेक्कन", विषय संपला.

अजून एक, पस्तिशीच्या माणसाला "आमची मुलं" म्हणायची सवय आपल्या फिल्डमध्ये सगळ्यांना लागते, मलाही होती, ती सोडा.

कोर्स घेताना आरसीआयची (रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडिया) मान्यता बघूनच घ्या, पास झाल्यावर त्यांच्याकडे नोंदणी करून सीआरआर नंबर (त्यांच्या रजिस्टरमधला आपला नंबर) काढा. सुरुवातीला पगार कमीच असतो, घरी आधीच सांगून ठेवा. आणि कागदपत्रं शिकून घ्या, कारण पालक डॉक्टरांना नाही, तुम्हालाच विचारणार: यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं ओळखपत्र), 40 टक्के दिव्यांगत्वाचा दाखला, निरामया आरोग्य विमा (1 लाखापर्यंत), आणि अठरा पूर्ण झाल्यावर कायदेशीर पालकत्वाचं काय. 1999 च्या नॅशनल ट्रस्ट कायद्याखाली त्याचा अर्ज कलेक्टरांच्या अध्यक्षतेखालच्या समितीकडे जातो, आई-बाबांनाही आपोआप पालकत्व मिळत नाही, हे ऐकून बरेच जण गप्पच होतात.

मागच्या गणपतीत एका सोसायटीने आमच्या कार्यशाळेतल्या एका ताईला स्टेजवर बसवून शाल दिली, टाळ्या झाल्या. तिला शाल नको होती, खिरापत वाटायची होती. मी हट्टाने वाटायला लावली, तर तिने प्रत्येकाला मूठ मूठ भरून दिली आणि अर्ध्या रांगेतच पातेलं रिकामं! मागच्या काकू जाम वैतागल्या, तिलाच म्हणाल्या, "अगं, आम्हाला काय?"

दुसऱ्या दिवशी आरतीला तिच्या हातात चमचा दिला.