लिफ्टवर गप्प, रस्त्यावर खडखड

आयटीआयचं मोटर मेकॅनिकचं सर्टिफिकेट घेऊन गॅरेजात आलं की ऑइल, ब्रेक पॅड, क्लच केबल ही कामं पटापट हातात बसतात. घोडं अडतं ते आवाजावर. जॉब कार्डावर 'खालून खडखड येते' एवढंच लिहिलेलं असतं आणि स्कॅनर लावून बसलात तरी तो काही सांगणार नाही. म्हणून हे सगळं फक्त गाडीखालच्या खडखडाटाबद्दल, तेही मारुती ८००, झेन, ओम्नी असल्या जुन्या गाड्यांच्या. ८०० चं उत्पादन जानेवारी २०१४ मध्ये थांबलं. म्हणजे रस्त्यावरची सगळ्यात नवी ८०० सुद्धा दहा वर्षं उलटून गेलेली आहे. खालचं रबर अन् रबर म्हातारं झालंय असं धरूनच वाका.

आधी डिकी रिकामी करा. हसू नका. जॅक, टॉमी (लोखंडी दांडा) आणि सैल स्टेपनी यांनी भल्याभल्यांना सस्पेन्शन खोलायला लावलंय. व्हील नट पान्याने तपासा, व्हील कॅप काढून ठेवा. मग गिऱ्हाइकाला शेजारी बसवून ट्रायल मारा. उभ्या गाडीत रेस दिल्यावर आवाज येत असेल तर सायलेन्सर, हीट शील्ड (उष्णता अडवणारा पत्रा), इंजिन माउंटिंग (इंजिन ज्या रबरी आधारांवर बसतं ते) इकडे बघा. फक्त चालत्या गाडीत येत असेल तर चाकं आणि सस्पेन्शन. खडखड चालू असताना ब्रेकवर हलका पाय ठेवला आणि ती बंद झाली, तर ब्रेकचं पॅड नाहीतर ते दाबणारं कॅलिपर ढिलं आहे. एवढं तुम्हाला शिकवलेलं असतं, म्हणून यावर जास्त बोलत नाही.

आता खरा सापळा. मला याने इतकं छळलंय की हे जरा लांबणार आहे.

दोन खांबी लिफ्टवर गाडी चढवली की चाकं खाली लोंबतात. स्प्रिंग मोकळ्या होतात, मागचा ॲक्सल बॉडीपासून लांब जातो, सांध्यांतले रबरी बुश एका बाजूला ताणून बसतात. रस्त्यावर जे दोन भाग एकमेकांना घासत होते त्यांच्यात आता चांगली ऐसपैस जागा झालेली असते. तुम्ही टॉर्च घेऊन खाली फिरता, टॉमी घालून हलवून बघता, सगळं कसं घट्ट! गाडी खाली उतरते, गेटबाहेरच्या पेव्हर ब्लॉकवर जाते आणि परत खडखड. मग 'शॉकअप बदलून बघू' हे वाक्य येतं. या धंद्यातलं सगळ्यात महाग वाक्य हेच. पैसे गिऱ्हाइकाचे जातात आणि नाव गॅरेजचं.

आमच्याकडे अशीच एक ८०० आली होती. आधीच्या ठिकाणी मागचे दोन्ही शॉकअप नवे टाकलेले, आवाज जसाच्या तसा. मी एकट्याने ट्रायल मारली तर आवाजच नाही. लिफ्टवर घेतली तर काही सापडेना. मालक मात्र एक गोष्ट परत परत सांगत होते, "आई-बाबा मागं बसले की येतो हो." ते कुणी कार्डावर लिहिलंच नव्हतं. आमच्या वस्तादांनी गाडी गॅरेजातल्या खड्ड्यावर (ज्यात उतरून गाडी खालून बघतात) घ्यायला लावली, चारी चाकं जमिनीवर, मागच्या सीटवर दोन धडधाकट पोरं. स्वतः टॉर्च घेऊन खाली उतरले आणि पोरांना म्हणाले, "आता नाचा." तिसऱ्या हिसक्याला टक्क झालं. मला खाली बोलावून त्यांनी टॉर्च फक्त एका जागी धरली, तोंडाने काही सांगितलं नाही. मागच्या ॲक्सलजवळून जाणारा सायलेन्सरचा पाईप तांबूस गंजलेला, आणि त्यावर नखाएवढा एक ठिपका नव्या रुपयासारखा चकचकीत. समोर ॲक्सलवर तसाच दुसरा. पाईप टांगून धरणाऱ्या हँगरचं रबर ताणून लांब झालेलं, पाईप खाली आलेला. मागे वजन बसलं की ॲक्सल वर येऊन त्याला टोला देत होता.

तर पहिलं काम म्हणजे चकचकीत ठिपका शोधायचा. गंजलेल्या लोखंडावर चमक दिसली की तिथे काहीतरी घासतंय. हे लिफ्टवरही दिसतं, फक्त दोन भाग लांब असतात म्हणून डोळा तिकडे जात नाही. दुसरं, आवाज ज्या अवस्थेत येतो त्याच अवस्थेत गाडी ठेवा. मागे माणसं बसल्यावर येत असेल तर माणसं बसवा. थंड गाडीत येत असेल तर रात्रभर उभी ठेवा. सायलेन्सर तापला की पसरतो आणि कधी कधी आवाज आपोआप जातो. तुम्हाला वाटतं काम झालं, सकाळी मालकाचा फोन येतो.

आणि हाच सापळा गाडी दुरुस्त करतानाही लागतो. चाक बॉडीला जोडणाऱ्या लोअर आर्मचे नवे बुश टाकून बोल्ट लिफ्टवरच, चाकं लोंबत असताना पूर्ण आवळले, की गाडी खाली आल्यावर रबर कायम पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. बोल्ट हातापुरता लावा, गाडी जमिनीवर घ्या, मग पूर्ण आवळा. घाईत हे कुणी सांगत नाही. तुम्हीच लक्षात ठेवा.

हँगरचं रबर मिळालं नाही म्हणून सायलेन्सर तारेने बांधायचा नाही. सायलेन्सरची थरथर तारेतून थेट फ्लोअरला जाते आणि खडखडीच्या जागी घुमणारा आवाज सुरू होतो. नवं रबर चढत नसेल तर साबणाचं पाणी लावा. ऑइल, ग्रीस नको, रबर फुगतं. बुशवर स्प्रे मारून 'आवाज गेला' म्हणणारे पण मला आवडत नाहीत. स्प्रे वाळला की गिऱ्हाईक दारात.

हीट शील्डचं सोपं आहे. बोल्टचं भोक गंजून मोठं झालेलं असतं, मोठा वायसर घालून आवळा, नाहीतर भोवती लांब होज क्लिप बसवा. शील्ड काढून भंगारात टाकू नका. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (सायलेन्सरच्या पाईपमधला धूर साफ करणारा डबा) शेकड्यांनी अंश तापतो, जवळची केबल आणि गाडीखालचं वाळलं गवत, दोन्हींना धोका. थंड असताना कन्व्हर्टरवर रबरी हातोडीने हलकं ठोकून बघा. आत खुळखुळलं तर जाळी फुटली आहे, बाहेरून आवळून काही होणार नाही. पण गाडीला कन्व्हर्टर आहे का ते आधी बघा. १९९५ मध्ये त्याची सक्ती झाली ती फक्त चार महानगरांतल्या नव्या पेट्रोल गाड्यांना, त्यामुळे लहान गावातल्या जुन्या कार्ब्युरेटरवाल्या ८०० ला तो नसू शकतो.

नुसत्या जॅकवर गाडीखाली जायचं नाही. घोड्या (गाडी पेलणारे स्टँड) लावल्याशिवाय डोकंसुद्धा आत घालायचं नाही, कोण काय म्हणतंय ते ऐकू नका. खड्ड्यावर इंजिन चालू ठेवून कुणी खाली उतरायचं नाही, धूर आणि पेट्रोलची वाफ तिथेच साचते.

पहिले काही आवाज सापडणार नाहीत. घाबरू नका, कान हळूहळू तयार होतो आणि एकदा झाला की दुरूनच कळायला लागतं. पाना हातात द्यायच्या आधी टॉर्च हातात देणारा वस्ताद भेटला तर पगार थोडा कमी असला तरी तिथेच टिका.

राहिला पैशांचा प्रश्न. रबर स्वस्त असतं आणि शोधण्यात अर्धा दिवस जातो, मग बिल बघून मालक म्हणतो, "एवढ्याशा रबराचे एवढे?" म्हणून शोधण्याची मजुरी गाडी आत घेतानाच सांगायची आणि कार्डावर वेगळी लिहायची. जुनं रबर फेकू नका, नव्याशेजारी धरून दाखवा. आणि गाडी देताना शेवटची ट्रायल मालकाच्या आई-बाबांना मागे बसवूनच मारा.