सीसीटीव्ही कॅमेरा रात्रीच का बंद पडतो? लांब केबल ओढताना या चुका टाळा

दिवसभर चित्र लख्ख, आणि अंधार पडला की डीव्हीआरवर (रेकॉर्डरवर) ‘व्हिडिओ लॉस’. असा फोन आला की मी आधी एकच विचारतो, ‘कॅमेरा घरापासून किती लांब आहे?’ बहुतेक वेळा कॅमेऱ्यात काही बिघाड नसतो. १२ व्होल्ट त्याच्यापर्यंत पोचतच नाहीत.

सांगोल्याजवळच्या एका डाळिंबाच्या बागेत हेच झालं होतं. घरापासून फाटक ९० मीटर. काकांनी तोवर दोन कॅमेरे आणि एक एसएमपीएस (१२ व्होल्ट देणारा पॉवर सप्लाय) बदलला होता. मी दुपारी पोचलो. एसएमपीएसवर १२ व्होल्ट. फाटकावर शिडी लावून कॅमेऱ्याची पिन काढून मोजलं, तर तिथेही १२! आधी दुरुस्तीला आलेला मुलगा इथेच फसला होता. वायरमधून करंट जात नसेल तर व्होल्टेज पडणारच नाही. लोडशिवाय, म्हणजे कॅमेरा न जोडता, घेतलेल्या रीडिंगवर कृपा करून विसंबू नका.

पिन परत जोडली आणि मीटर लावूनच ठेवलं. साडेनऊ व्होल्टच्या आसपास. मग लेन्सशेजारच्या सेन्सरवर अंगठा दाबून धरला. आत फिल्टर ‘टक्’ करून सरकला, आयआरचे (अंधारात बघायचे इन्फ्रारेड) दिवे लालसर उजळले, मीटर सातच्या खाली घसरलं आणि दिवे विझले. करंट थांबल्यावर व्होल्टेज चढलं, कॅमेरा जागा झाला, पुन्हा टक्. ‘काका, रात्रभर हेच चालू आहे,’ मी वरूनच सांगितलं.

हिशोब साधा आहे. थ्री प्लस वन केबलमधली (व्हिडिओ आणि पॉवर एकत्र नेणारी केबल) पॉवरची वायर बारीक असते. २४ गेजचं तांबं धरलं तर १,००० मीटरला ८४ ओहम रोध. ९० मीटरची वायर म्हणजे जाऊन-येऊन १८०, म्हणजे १५ ओहम. (परतीची वायर धरायला नवीन मुलं हमखास विसरतात.) रोध गुणिले करंट एवढं व्होल्टेज वाटेतच जातं: दिवसा ०.१५ अँपियरला सव्वादोन व्होल्ट. रात्री आयआरसकट ०.४ झाले की ६ व्होल्ट. उरलेल्या सहावर कॅमेरा कसा चालेल?

मी व्हिडिओ जुन्याच केबलवर ठेवला आणि पॉवरसाठी १.५ स्क्वेअर एमएमची तांब्याची दोन कोअर वायर वेगळी ओढली. तिचं १८० मीटरला जेमतेम सव्वादोन ओहम होतं. अंगठा ठेवूनही ११ च्या खाली गेलं नाही. हा खर्च आधीच केला असता तर ते दोन कॅमेरे वाचले असते.

एसएमपीएसचा स्क्रू फिरवून व्होल्टेज वाढवायचा ‘जुगाड’ मला अजिबात मान्य नाही. त्याच एसएमपीएसवर दहा मीटरवरचा कॅमेराही असतो, वाढीव व्होल्टेज थेट त्याच्या अंगावर जातं. एकाच जोडीवर दोन कॅमेरे जोडले तर सामाईक वायरमधली घट दुप्पट होते, हेही विसरू नका.

स्वस्त बंडल घेताना ब्लेडने वायर खरवडा. आत चांदीसारखा रंग दिसला तर ते तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम आहे. रोध जास्त, आणि वाकवताना तुटतं. मी दुकानातच खरवडून बघतो, दुकानदार रागावला तरी.

आयपी (नेटवर्कवर चालणारा) कॅमेरा असेल तर खरं पीओई, म्हणजे लॅनच्या केबलमधूनच पॉवर देणं, वापरा. ते ४८ व्होल्टच्या आसपास चालतं, त्यामुळे तेवढ्याच वॅटला करंट कमी आणि घटही कमी. १२ व्होल्टचेच स्प्लिटर लॅनच्या केबलवर लावून त्याला पीओई म्हणणं ही फसवणूक आहे; लांब अंतरावर दुखणं तेच राहतं. मर्यादा १०० मीटर, पुढे एक्स्टेंडर किंवा फायबर. स्विचला आठ पोर्ट आहेत म्हणून आठही पीटीझेड (फिरणारे, झूम होणारे कॅमेरे) चालतील असं नाही, स्विचचे एकूण वॅट बघा.

आणि जॉइंट. पिळून टेप गुंडाळलेला जॉइंट पहिल्या पावसात हिरवा पडतो. जमेल तिथे केबल अखंडच ओढा. नाहीच जमलं तर सोल्डर करून बंद बॉक्समध्ये ठेवा आणि केबल बॉक्समध्ये खालून घ्या, म्हणजे पाणी वायरवरून ओघळत आत जाणार नाही.