अन्नातील रोगकारक जिवाणूंचा स्ट्रेन जलद कसा ओळखावा

अन्नाच्या नमुन्यात साल्मोनेला हा रोगकारक जिवाणू आहे का, हा एक प्रश्न झाला. तो रुग्णाच्या नमुन्यात सापडलेलाच स्ट्रेन, म्हणजे त्या जिवाणूचा तोच विशिष्ट वंश आहे का, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर रिअल-टाइम पीसीआर, म्हणजे ठरावीक जनुकाच्या प्रती वाढवून त्यांचा आलेख दाखवणारी चाचणी देते. दुसऱ्यासाठी शुद्ध वसाहत, म्हणजे एकाच जिवाणूपासून वाढलेला पुंजका हाती असावा लागतो, आणि घाईत नेमकी तीच गमावली जाते.

प्रथम 25 ग्रॅम नमुना 225 मिलिलिटर बफर्ड पेप्टोन वॉटर या पोषक द्रवात मिसळून सुमारे 37 अंश सेल्सिअसला 18 तास वाढवावा. हा वेळ वाचवण्याचा मोह टाळावा, कारण पीसीआरला मेलेल्या पेशींचा डीएनएही दिसतो आणि जिवंत जिवाणू वाढल्याशिवाय निकालाचा अर्थ धड लागत नाही. त्यानंतर डीएनए वेगळा करून साल्मोनेलासाठी ‘आयएनव्हीए’ जनुक तपासावे. नमुन्याचा आलेख सपाट असेल, तर आधी अंतर्गत नियंत्रणाचा, म्हणजे चाचणी नीट चालली हे कळण्यासाठी मुद्दाम घातलेल्या डीएनएचा आलेख पाहावा. तोही सपाट असल्यास निकाल ‘नकारात्मक’ लिहू नये, कारण अन्नातील स्निग्ध किंवा अन्य घटकांनी अभिक्रियाच रोखलेली असू शकते. अशा वेळी डीएनए दहापट विरल करून चाचणी पुन्हा लावावी.

शिगा विष तयार करणाऱ्या ई. कोलायच्या बाबतीत अधिक सावध राहावे. अनेक जिवाणू वाढलेल्या मिश्र द्रवात ‘एसटीएक्स’ (शिगा विषाचे जनुक) आणि ‘ईएई’ (आतड्याला चिकटण्यासाठीचे जनुक) ही दोन्ही जनुके सापडली, तरी ती दोन वेगळ्या जिवाणूंची असू शकतात. म्हणून दोन्ही जनुके एकाच वसाहतीत दिसेपर्यंत निकाल ‘संशयित’ एवढाच मानावा.

सकारात्मक द्रवातून निवडक माध्यमावर (इतर जिवाणूंची वाढ रोखणाऱ्या थाळीवर) रेघा ओढून सुटी वसाहत उचलावी, ती पुन्हा एकदा शुद्ध करावी आणि मगच तिच्या संपूर्ण जीनोमचे (सगळ्या डीएनएचे) अनुक्रमण करावे, म्हणजे त्यातील अक्षरक्रम वाचावा. पूर्वी यासाठी पल्स्ड-फील्ड जेलवरील, म्हणजे विजेच्या साहाय्याने वेगळे केलेल्या डीएनए तुकड्यांचे पट्टे जुळवत बसावे लागे. पण वेगळे स्ट्रेनही कधी सारखेच पट्टे दाखवत. आता हजारो जनुकांची तुलना होते. लिस्टेरिया मोनोसायटोजेनिस या दुसऱ्या रोगकारक जिवाणूच्या प्रचलित योजनेत 1748 गाभा जनुके (त्या जातीत जवळपास सर्वत्र आढळणारी) तपासतात आणि 7 किंवा त्याहून कमी जनुकांत फरक असलेले स्ट्रेन एका गटात धरतात. मात्र हा आकडा केवळ निकटचे नाते दाखवतो. रुग्णाने काय खाल्ले आणि केव्हा, याची नोंद जुळल्याखेरीज त्या पदार्थावर ठपका ठेवू नये.

शुद्ध वसाहतीचा एक भाग ग्लिसरॉलमध्ये उणे 80 अंशांवर जपून ठेवावा आणि कुपीवर नमुना क्रमांक व तारीख लिहावी.