चिखलणीआधी हे करा: पेट्रोल आणि डिझेलचे डबे वेगळे

भाताच्या आवणाला (रोपवाटिकेला) 21 दिवस भरत आलेत, खाचरात पाणी साचलंय आणि डिझेलवरचा पॉवर टिलर धूर ओकून बंद पडलाय. ठाणे जिल्ह्यात मुरबाड-शहापूरकडे जुलैत हे दरवर्षी बघतोय. मिस्त्री टाकीचं झाकण काढून वास घेतो आणि विचारतो, "दादा, यात पेट्रोल कोणी ओतलं?" ओतलेलं असतं घरातल्याच कोणीतरी, पहाटेच्या अंधारात, गोडेतेलाच्या पाच लिटरच्या पांढऱ्या कॅनमधून. शेजारी तसाच दुसरा कॅन असतो, डिझेलचा.

टिलरचा डिझेल पंप (इंजिनात डिझेल सोडणारा) दुरुस्त होऊन येईस्तोवर आठवडा जातो. तेवढ्यात हळव्या (लवकर तयार होणाऱ्या) भाताचं रोप जून होतं आणि फुटवे कमी येतात. मग युरिया वाढवून ते भरून निघत नाहीत.

डिझेल इंजिनाच्या पंपाला आणि नोझलला वंगण मिळतं ते डिझेलमधूनच. पेट्रोल गेलं की ते भाग कोरडे घासतात. उलट झालं, पेट्रोल इंजिनात डिझेल गेलं, तर प्लग काळा पडतो, मशीन धुरकटतं. साफसफाईत बहुतेक वेळा निभावतं. तिसरी चूक लोक मोजतच नाहीत. टू-स्ट्रोक ब्रश कटर (गवत कापायचं मशीन) ऑईल मिसळलेल्या पेट्रोलवर चालतो; त्यात ऑईल न मिसळलेलं पेट्रोल गेलं, तर पिस्टन बघता बघता जाम होतो. म्हणून डबे दोन नाही, तीन हवेत.

अमेरिकेत पेट्रोलला लाल, डिझेलला पिवळा, रॉकेलला निळा डबा वापरतात. आपण तेच रंग धरू. पेट्रोल पत्र्याच्या, घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा आणि डबा लाल रंगवा. डिझेलच्या प्लास्टिक कॅनला पिवळी इलेक्ट्रिक टेप गुंडाळा, कारण प्लास्टिकवरून ऑईलपेंटच्या खपल्या पडतात. ऑईल मिसळलेल्या पेट्रोलचा डबाही लालच, पण त्याच्या कडीला सुतळीची गाठ मारा. अंधारात रंग दिसत नाही, गाठ हाताला लागते. नरसाळीही वेगळी ठेवा. दुकानदार महागडे परदेशी कॅन दाखवेल. टेपचं एक रिळ पुरतं.

मिश्रणाचं प्रमाण मशीनच्या पुस्तिकेतलंच घ्या: 50:1 असेल तर लिटरला 20 मिली ऑईल, 25:1 असेल तर 40 मिली. झाकणाने मोजू नका. हल्लीच्या पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, ते पाणी ओढतं. पावसाळ्यात आठ दिवसांपेक्षा जुनं मिश्रण मी वापरत नाही. हा माझा अंदाज, पुस्तकातला नाही.

बाकी कामं नेहमीचीच:
- रोपं 21 ते 25 दिवसांची
- चुडात (एका जागी) 2-3 रोपं, उथळ लावणी
- हेक्टरी 100:50:50 किलो नत्र, स्फुरद, पालाश; नत्र हप्त्यांनी
- बांधबंदिस्ती, उंदरांची बिळं बुजवणं

डब्यात काय आहे याची शंका आली तर पांढऱ्या कागदावर थेंब टाका. पेट्रोल उडून जातं, डिझेलचा तेलकट डाग राहतो. ऑईल मिसळलेलं पेट्रोलही डाग ठेवतं, तेव्हा ही खूण तिथे चालत नाही.

चुकीचं ओतलं हे लगेच कळलं तर मशीन चालू करून बघू नका. इंधनाचा कॉक बंद करा, टाकी पूर्ण रिकामी करा, डिझेल इंजिन असेल तर फिल्टर बदलून इंधनाच्या नळीतली हवा काढून घ्या. "ही बाटली टाका, सगळं साफ होईल" म्हणणाऱ्याची बाटली घेऊ नका. ती टाकून पेट्रोलचं डिझेल होत नाही. काढलेलं भेसळ तेल चुलीत किंवा राबावर (जाळायला रचलेल्या पाल्यावर) ओतू नका. पेट्रोलची वाफ लांबूनही पेट घेते.