घरातील स्त्रीला सायकोसिस झाल्यास हिंसेचा धोका कसा ओळखावा आणि कसा टाळावा

घरातील स्त्री अचानक संशयी, आक्रमक किंवा असंबद्ध बोलू लागली, तर सातारा-सांगलीकडच्या घरांत आधी तिच्या स्वभावाला दोष दिला जातो, मग देवऋषी गाठला जातो, आणि सायकोसिसचा, म्हणजे भास व भ्रम होणाऱ्या आजाराचा विचार येईपर्यंत मौल्यवान दिवस निघून जातात. धोका सर्वाधिक असतो तो याच, उपचार सुरू न झालेल्या काळात.

सायकोसिस झालेल्या बहुतेक स्त्रिया कोणावरही हात उगारत नाहीत. उलट त्यांनाच मारहाण सोसावी लागण्याचा संभव अधिक असतो. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या, २० अभ्यासांतील १८,४२३ रुग्णांची माहिती एकत्र करणाऱ्या आढाव्यात इतर स्त्रियांच्या तुलनेत या स्त्रियांमधील हिंसेचे प्रमाण वाढलेले दिसले, आणि ही वाढ पुरुषांतील वाढीपेक्षा मोठी होती. मात्र सर्वसाधारण स्त्रियांमध्ये हिंसा मुळातच फार कमी असल्याने ही तुलना मोठी भासते. व्यसनाची जोड असल्यास धोका बराच वाढतो. हिंसा घडलीच तर ती बहुधा घरातच, म्हणजे मूल, नवरा किंवा काळजी घेणारी आई-सासू यांच्यावर घडते. त्यामुळे खबरदारीही घरातूनच सुरू करावी लागते.

नुसत्या आरडाओरड्यापेक्षा ती काय बोलते याकडे लक्ष द्यावे. ‘अमुकच माणूस माझ्या जेवणात विष घालतो’ असा एकाच व्यक्तीवर रोखलेला संशय, काही करण्याची आज्ञा देणारे आवाज, किंवा रात्र-रात्र झोप नसूनही थकवा न जाणवणे, ही गंभीर लक्षणे आहेत. ‘तुला आवाज ऐकू येतात का, ते काय करायला सांगतात, स्वतःला किंवा कोणाला इजा करावीशी वाटते का,’ असे तिला शांतपणे, एकांतात विचारावे. विचारल्याने तसे विचार डोक्यात येतात ही समजूत चुकीची आहे. तिची तक्रार मात्र सरसकट भ्रमात जमा करू नये, कारण ज्या घरात तिला खरोखर मारहाण होते, तेथे तिची भीती अंशतः खरी असू शकते, आणि डॉक्टरांनी ते तिच्याकडून एकटीला भेटूनच ऐकायला हवे.

बाळंतिणीच्या बाबतीत तर वाट पाहूच नये. दर हजार बाळंतपणांमागे एक ते दोन स्त्रियांना प्रसूतीनंतरचा सायकोसिस होतो आणि तो बहुधा पहिल्या दोन आठवड्यांतच सुरू होतो. पूर्वी असाच झटका आलेला असल्यास किंवा बायपोलर आजार, म्हणजे अतिउत्साह आणि नैराश्य आलटून-पालटून येणारा आजार, असल्यास धोका पुष्कळ वाढतो; पण लग्न जमवताना आपल्याकडे हा इतिहास सासरपासून लपवला जातो, आणि दिवस राहिल्यावर औषधे गुपचूप बंद होतात. निदान प्रसूतितज्ज्ञांना तरी माहेरच्यांनी तो स्पष्ट सांगावा. या आजारात बाळंतीण सकाळी अगदी बरी वाटते आणि संध्याकाळी ‘हे बाळ माझे नाही’ किंवा ‘याला या जगातून सोडवले पाहिजे’ असे म्हणू लागते. सकाळच्या बरेपणावर विसंबून दवाखाना पुढे ढकलू नये. तिला उपचार मिळून डॉक्टर सांगेपर्यंत बाळ क्षणभरही तिच्याजवळ एकटे ठेवू नये, रात्री ते दुसऱ्या कोणी सांभाळावे आणि तिला झोप मिळू द्यावी. हे करताना तिला दूषण देऊ नये.

प्रत्यक्ष झटक्याच्या वेळी एकाच माणसाने, हळू आवाजात, थोडक्यात बोलावे. भ्रम खोडून काढू नये आणि त्याला होकारही देऊ नये. ‘तुला भीती वाटते आहे, आपण डॉक्टरांकडे जाऊ,’ इतके पुरे. दाराची वाट मोकळी ठेवावी. विळा, कोयता, कुऱ्हाड, रॉकेल हलवावे, आणि ऊस-द्राक्षांच्या पट्ट्यात घरातच ठेवलेली फवारणीची औषधेही, कारण आत्महत्येचा धोका हिंसेइतकाच ध्यानात घ्यायचा असतो. आवरत नसेल तर ११२ वर पोलिसांना किंवा १०८ वर रुग्णवाहिकेला बोलवावे. सल्ल्यासाठी टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनची १४४१६ ही मोफत सेवा आहे. साताऱ्यात क्रांतिसिंह नाना पाटील सामान्य रुग्णालय, तर सांगली-मिरजेत शासकीय रुग्णालये आहेत.

२०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानुसार रुग्णाला साखळदंडाने बांधता येत नाही. स्वतःला किंवा इतरांना धोका असलेल्या व्यक्तीला पोलिसांनी ताब्यात घेतल्यास २४ तासांच्या आत सरकारी आरोग्यसंस्थेत नेणे त्यांच्यावर बंधनकारक आहे. तीन वर्षांखालील मुलाला दाखल झालेल्या आईपासून सहसा दूर करत नाहीत. मुलाला धोका असल्यास तात्पुरते करतात, पण देखरेखीखाली भेट चालू राहते. भूत उतरवण्याच्या नावाखाली बांधणे, मारणे किंवा मिरचीची धुरी देणे हा साताऱ्याच्या नरेंद्र दाभोलकरांनी ज्यासाठी वर्षानुवर्षे आग्रह धरला त्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याखाली गुन्हा आहे.

बरे वाटताच गोळ्या थांबवल्याने आजार उलटतो. पुढच्या गरोदरपणाचा विचार असल्यास आधीच मनोविकारतज्ज्ञ आणि प्रसूतितज्ज्ञ या दोघांनाही भेटावे. मनःस्थिती स्थिर ठेवण्यासाठी दिले जाणारे व्हॅल्प्रोएटसारखे औषध गर्भाला अपायकारक असल्याने बदलावे लागते, परंतु तो बदल घरच्यांनी परस्पर करायचा नसतो.