जलरंगात रात्रीचं आकाश: हातानं केलेलं शुभेच्छापत्र

रात्रीचं आकाश काढायचं म्हटलं की हात आधी काळ्या रंगाकडे जातो, आणि कार्ड तिथेच बिघडतं. नुसता काळा रंग कागदावर सपाट बसतो, त्यात खोली दिसत नाही. निळ्या-जांभळ्याचे पारदर्शक थर एकावर एक चढवले आणि प्रत्येक थर पुरता वाळू दिला, तर आकाश खोल वाटतं. हाताचं काम तासा-दीड तासाचं आहे, पण वाळण्याचा वेळ धरून अर्धा दिवस मोकळा ठेवा. घाई केली तर ती कागदावर दिसतेच.

कागद आणि मापं

कार्डासाठी २५० ते ३०० जीएसएमची (दर चौरस मीटरला इतके ग्रॅम वजनाची) जाड कार्डशीट घ्या. २१० × १४८ मिमीचा तुकडा मधोमध दुमडला की १०५ × १४८ मिमीचं कार्ड होतं आणि ते ११४ × १६२ मिमीच्या पाकिटात नीट बसतं. चित्र वेगळ्या कागदावर करून वर चिकटवायचं. त्यासाठी ९५ × १३८ मिमीचा, ३०० जीएसएमचा जलरंगाचा कागद लागेल, म्हणजे चारही बाजूंना ५ मिमी कड सुटते. थेट कार्डशीटवर रंगवू नका. तिला पाणी सोसत नाही, वरचा थर सोलवटतो आणि घडी वाकडी होते.

घडी घालण्याआधी कागदाच्या तंतूंची दिशा बघा. तुकडा न दुमडता दोन्ही दिशांनी हलकेच वाकवा. ज्या दिशेनं तो सहज वाकेल, तिथे घडी तंतूंना समांतर येते. घडी तशीच हवी, आडवी घातली तर तिच्यावर पांढऱ्या भेगा पडतात. स्केल लावून शाई संपलेल्या बॉलपेननं घडीची रेघ आधी दाबून घ्या, मग दुमडा.

पहिला थर

चित्राचा कागद पाटीवर किंवा सपाट फळीवर मास्किंग टेपनं चारही बाजूंनी पक्का करा. टेप कागदावर ३-४ मिमी येऊ द्या. टेप नसली तर ओला कागद फुगतो आणि रंग खळग्यांत साचून डाग पडतात.

चंद्र हवा असेल तर तो आत्ताच झाका. मास्किंग टेपचा तुकडा आधी कापडावर एकदा चिकटवून काढा म्हणजे त्याची चिकटाई कमी होईल. त्यावर २२ मिमी व्यासाचं वर्तुळ कापा. चंद्रकोर करायची असेल तर तिची आतली कड त्याच मापाच्या दुसऱ्या वर्तुळानं कापू नका. तशी कोर अर्ध्या वर्तुळाच्या पुढे वळते आणि शिंगासारखी दिसते. खऱ्या कोरेची दोन टोकं व्यासाच्या दोन टोकांवरच असतात. म्हणून आतली कड २८ मिमी व्यासाच्या वर्तुळानं, त्या दोन टोकांतून जाईल अशी आखा. मधोमध जाडी साधारण साडेपाच मिमी येईल.

आता स्वच्छ पाण्यानं सगळा कागद सारखा ओला करा. तिरकं पाहिल्यावर ओली चकाकी दिसावी, पण पाण्याचं तळं नको. वरून प्रशियन ब्लू, मध्ये त्यात थोडा क्रिमसन (गडद लाल) मिसळून जांभळा, आणि खाली क्षितिजाकडे अगदी फिका निळा सोडा. ब्रश रुंद घ्या, आणि रंग एकमेकांत मिसळू लागले की हात काढा. पुन्हापुन्हा ब्रश फिरवला तर सगळा रंग एकजात मातकट होतो. आकाशगंगा हवी असेल तर एक तिरपा पट्टा फिका ठेवा. तो सरळ आणि एकसारखा नसावा. खऱ्या आकाशगंगेतही धुळीमुळे मधून काळपट फाटे दिसतात.

चकाकी ओसरत असताना मिठाचे काही खडे टाकले तर भोवती फिकट फुलं उमटतात. फार लवकर टाकले तर मीठ विरघळून जातं, उशिरा टाकले तर काहीच होत नाही. वाळल्यावर खडे झटकून टाका.

दुसरा थर

जलरंग वाळल्यावर फिकट होतो. ओला असताना गडद वाटलेलं आकाश तासाभरानं संध्याकाळसारखं दिसतं, म्हणून दुसरा थर हवाच. आधीचा थर वाळला का, ते पाहायला हाताची मागची बाजू कागदाला लावा. गार लागला तर आत ओल आहे. अशा कागदावर पाणी घातलं की खालचा रंग हलतो आणि कोबीच्या पानाच्या कडेसारखे वेडेवाकडे डाग उमटतात. हेअर ड्रायर वापरायचा असेल तर चकाकी गेल्यावरच, २०-२५ सेंमी अंतरावरून.

या वेळी प्रशियन ब्लूमध्ये क्रिमसन आणि किंचित काळा मिसळा. रंग वरच्या तिसऱ्या भागात आणि कडांना गडद लावा, खालची कड ओल्या ब्रशनं विरवा. इथे काळा चालतो, कारण खालचा निळा त्यातून दिसत राहतो.

तारे

आकाश खरं वाटावं यासाठी सगळ्यात जास्त लक्ष इथे द्या. पांढरा गौश (अपारदर्शक जलरंग) किंवा पोस्टर कलर घ्या, दोन भाग रंगाला साधारण एक भाग पाणी. पातळ झाला तर वाळल्यावर राखाडी दिसतो, घट्ट राहिला तर उडतच नाही. बारीक ताऱ्यांसाठी टूथब्रश भिजवून अंगठ्यानं केस मागे ओढून सोडा. पहिला फवारा नेहमी रद्दी कागदावर मारा, मोठे थेंब त्यातच पडतात. आकाशगंगेपाशी दोन्ही बाजूंना फाडलेला कागद झाकून दोनदा जास्त उडवा. चुकून मोठा थेंब पडला तर पुसू नका, वाळू द्या. पुसल्यावर खालचा निळा उठतो.

ठळक तारे पांढऱ्या जेल पेननं, मोजकेच, लहान-मोठे काढा. सगळे सारखे काढले तर आकाश नव्हे, ठिपक्यांचं कापड दिसतं.

ओळखीची नक्षत्रं काढायची तर प्रमाण सांभाळा, जाणकाराचा डोळा तिथेच जातो. सप्तर्षीतल्या पुलह आणि क्रतू (चौकोनाच्या शेपटीपासून लांबच्या कडेचे दोन तारे) यांच्यातलं अंतर ८ मिमी धरलं तर तीच रेघ क्रतूच्या पुढे त्याच्या सुमारे पाचपट, म्हणजे ४० मिमीच्या आसपास नेल्यावर ध्रुव येतो. ध्रुव मोठा काढायचा मोह टाळा, त्याचं तेज सप्तर्षीतल्या ठळक ताऱ्यांइतकंच आहे. चौकोन आणि शेपटी जिथे जुळतात तिथला अत्री मात्र स्पष्टपणे मंद ठेवा. मृग नक्षत्रात पोटातल्या बाणाचे तीन तारे जवळजवळ एका रेषेत, सारख्या अंतरावर येतात. ती रेघ एका बाजूला व्याधाकडे आणि दुसऱ्या बाजूला रोहिणीकडे जाते. बाणाच्या दोन बाजूंना समोरासमोर असलेल्या मृगातल्या दोन सगळ्यात ठळक ताऱ्यांपैकी काक्षीला तांबूस आणि राजन्याला निळसर छटा द्या. एवढ्यानंच मृग ओळखू येतो.

चंद्राचे दोन नियम आहेत. कोरेच्या पोकळीत तारा काढू नका, तिथे चंद्राचाच अंधारा भाग असतो. आणि चंद्र सप्तर्षीत कधीच जात नाही. कृत्तिका किंवा रोहिणीजवळ मात्र तो खुशाल काढावा, तिथून त्याची वाट खरोखरच जाते.

डोंगर, टेप आणि जोडणी

तारे वाळले की खालच्या २०-२५ मिमीत डोंगर किंवा झाडांची काळी आकृती घट्ट पोस्टर कलरनं भरा. तारे आधी आणि डोंगर नंतर, हा क्रम उलटा केला तर डोंगरावर तारे पडतात.

टेप पूर्ण वाळल्यावरच, चित्रापासून बाहेरच्या दिशेला, कागदालगत आडवी ओढत काढा. कागद सोलवटू लागला तर ड्रायरनं टेप कोमट करा, गोंद सैल होतो. चंद्राची टेप चिमट्यानं उचला. त्याच्या कडेला रंग झिरपला असेल तर पांढऱ्या गौशनं कड नीट करा.

चित्र थोडं वाकलं असेल तर मागून किंचित ओलसर करून, कोऱ्या कागदांमध्ये ठेवून जड पुस्तकांखाली रात्रभर दाबा. पाण्याचा गोंद वापरला तर ते पुन्हा वाकेल, म्हणून दुहेरी टेप लावा, कडेपासून ३ मिमी आत. उठाव हवा असेल तर १ मिमी जाडीची फोम टेप चालते. त्याहून जाड लावली तर पाकीट फुगतं.

कार्डशीट गडद रंगाची असेल तर आत मजकुरासाठी फिका कागद चिकटवा. जेल पेननं गडद कागदावर लिहिलेला लांब मजकूर नीट वाचता येत नाही.